घाण खाल्लेला बोकड

आमच्या घरात घाण हा शब्द फक्त दुसऱ्याच्या वस्तूला लावतात. स्वतःची असली की ती अडचण असते, नाहीतर नाइलाज. माझे मोठे दीर या विषयातले अधिकारी. मिठागराची वाटणी बिल्डरला देऊन ते टॉवरमध्ये राहायला गेले आणि तेव्हापासून त्यांचं नाक इतकं नाजूक झालं की गोडदेवच्या आमच्या जुन्या घरी यायचं म्हणजे गल्लीच्या तोंडापासूनच रुमाल लागतो. याच गल्लीत ते उघडेनागडे वाढले. पण हे बोलायची सोय नाही, कारण आता ते समाजातले मोठे गृहस्थ आहेत आणि गणपतीत चौकातल्या बॅनरवर त्यांचा हात जोडलेला फोटो असतो.

जुन्या घरात आम्ही तिघंच: मी, माझा नवरा आणि सासूबाई. माझा नवरा सज्जन आहे. हे मी कौतुकाने म्हणत नाही. मोठ्या भावासमोर बसला की तो चहाच्या कपात बघतो, आणि चहा संपला तरी कपातच बघत राहतो. सासूबाईंना टॉवरची लिफ्ट सोसत नाही, पोटात गोळा येतो म्हणतात. म्हणून त्या माझ्याकडे. परसात पत्र्याचं छप्पर, त्याखाली शेळ्या, आणि शेळ्या दिसतील अशा बेताने टाकलेली सासूबाईंची खाट. दृष्टी अधू झाली आहे, पण कुठली शेळी शिंकली ते त्या पडल्या पडल्या सांगतात.

पूर्वी शेळ्या मिठागराच्या बांधांवर चरायच्या. आता बांध कुठे होते ते दाखवायलाही इमारतींच्या मधून बोट फिरवावं लागतं. चारा म्हणजे केबिन रोडच्या भाजीवाल्यांनी टाकलेला कोबीचा पाला आणि फ्लॉवरचे देठ, तेही सकाळी लवकर गेलं तर. बाकी शेळ्या लग्नपत्रिका खातात, उमेदवारांची प्रचारपत्रकं खातात. एका शेळीने कुणीतरी पिशवीसकट फेकलेले वडे पिशवीसकट खाल्ले आणि पोट फुगून गेली. तिच्यामागे नुकतंच जन्मलेलं एक करडू उरलं. काळं, कपाळावर पांढरा टिपका, आणि नर.

नर म्हटल्यावर सासूबाई खाटेवर उठून बसल्या. त्याचं कारण सांगितलं पाहिजे. मोठे दीर एकदा मरता मरता वाचले होते. दारूने यकृत गेलं होतं, डॉक्टरांनी देवाचं नाव घ्या म्हणून सांगितलं होतं. सासूबाईंनी नाव घेतलं. गावदेवीला बोलल्या की पोरगा उठला तर घरचा बोकड देईन. पोरगा उठला. आमच्याकडे नवसाचा बोकड घरच्या गोठ्यात जन्मलेला आणि घरच्या हाताने वाढवलेला लागतो. बाजारातून आणून दिला तर तो नवस नव्हे, व्यवहार. पण त्यानंतर आमच्या शेळ्यांनी जणू हट्टाने पाठी, म्हणजे माद्याच जन्माला घातल्या, आणि जो एखादा नर झाला तो टिकला नाही. नवस फेडायचा राहिला तो राहिलाच. सासूबाई दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या आणि रोज एकच म्हणायच्या की देवीचं देणं डोक्यावर घेऊन मला वर पाठवू नका.

म्हणून ते करडू मला जगवायचंच होतं. बाटलीने दूध पाजलं. चघळायला लागलं तसा प्रश्न आला की खायला काय घालायचं. तयार खाद्य परवडत नव्हतं आणि कोबीच्या पाल्यावर नुसतं पोट फुगतं. माझा भाऊ वसईकडे ब्रॉयलर कोंबड्या पाळतो. त्याच्या शेडमध्ये जमिनीवर भाताचं तूस अंथरलेलं असतं. कोंबड्या त्यावर हगतात, त्यावरच दाणे सांडतात, आणि कोंबड्यांचा माल विकला गेला की ते सगळं खरवडून पोत्यात भरतात. शेतकरी खत म्हणून नेतात. भावाने त्याच्याकडच्या करडांना ते आंबवून घालायला सुरुवात केली होती. मेंढीची दोन कोकरं होती, त्यांनाही देई, पण हात राखून. कोंबडीच्या खाद्यात तांब्याचा अंश असतो आणि तो मेंढीला बाधतो, असं त्याला गुरांच्या डॉक्टरने बजावलं होतं. त्याची करडं मी पाहिली. अंगावर तेल लावल्यासारखी चमकत होती.

ऐकून मलाही पहिल्यांदा ओकारी आली, खोटं कशाला बोलू. मग विचार केला की रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट म्हणजे काही आपलं पोट नव्हे. त्याला गवत पचतं, वर्तमानपत्र पचतं. कोंबडीच्या पोटातून न पचता बाहेर पडलं त्यातलं बरंच त्याच्या उपयोगाचं असतं. फक्त आळस करायचा नाही. मी पोती परसात ताडपत्रीवर पसरायचे. पिसं वेचायची, चाळणीने चाळायचं, जुन्या स्पीकरचा लोहचुंबक त्यातून फिरवून तारा आणि खिळे काढायचे. पोत्यात मेलेलं पिल्लू निघालं तर अख्खं पोतं फेकायचं, कारण त्याचं विष सगळ्याला लागतं. मग काळ्या गुळाचं पाणी शिंपडून, मक्याचा भरडा मिसळून, निळ्या पिंपात पायाने दाबून दाबून भरायचं आणि वारा जाणार नाही असं झाकण ठोकायचं. आत ते तापतं. पिंपाला हात लावला की तापकरी पोराच्या कपाळासारखं लागतं. काही आठवड्यांनी उघडलं तर कोंबडीच्या शेडचा तो डोळ्यांत जाणारा वास गेलेला असतो आणि ताडीसारखा आंबूसगोड वास येतो.

एवढं करून करडाने नाक मुरडलं. लोकांना वाटतं बकरी काहीही खाते. बकरीसारखा चोखंदळ प्राणी नाही, लग्नपत्रिका खाईल पण स्वतःच्या मर्जीने. मग मी तळहातावर चिमूटभर घेऊन, वर मिठाचा खडा ठेवून पुढे करायला लागले. मिठासाठी तो चाटायचा आणि मिठाबरोबर तेही पोटात जायचं. हळूहळू कोंड्यात, फणसाच्या पाल्यात मिसळून तो ते आवडीने खायला लागला, पण हात चाटायची सवय राहिली. मी परसात पाऊल टाकलं की आधी मान पुढे, जीभ बाहेर. हातात काही नसलं तरी चाटून खात्री करून घ्यायचा. जीभ सहाणेसारखी खरखरीत. त्याची आणखी एक खोड होती. पाण्याचा त्याला भयंकर तिटकारा. पत्र्याच्या फटीतून थेंब गळला की असा अंग झाडायचा की सासूबाई खाटेवरून हसायच्या.

बोकड भरला. पाठ रुंद झाली, छाती भरली. चैत्रात नवस फेडायचा ठरला. भावाने सांगून ठेवलं होतं की कापायच्या जनावराला आधी काही आठवडे हे खाद्य बंद ठेवायचं, म्हणजे अंगात काही राहत नाही. मी होळीच्याही आधीच बंद केलं आणि त्याला नुसता पाला, हरभऱ्याची टरफलं आणि स्वच्छ पाणी सुरू केलं. तेवढ्यात एका रविवारी मोठे दीर रुमाल लावून आले, आणि पिंपाकडे बघून यात काय भरलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं कौतुक करतील. मूर्खपणाची हौस कधीकधी मलाही होते.

ते परसातच थुंकले. म्हणाले की देवीच्या बोकडाला तू कोंबडीचा गू चारलास. मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले की तुझ्या घरात काय चाललंय ते तुला तरी ठाऊक आहे का. नवरा चहाच्या कपात बघत होता. मी पथ्याचं सांगितलं, आंबवण्याचं सांगितलं, गुरांच्या डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, सभेत थांबवतात तसं.

पुढच्या रविवारी आम्हाला टॉवरवर बोलावणं आलं. भावकीतली चार जाणती माणसं बसली होती आणि जेवायला चिंबोऱ्यांचं कालवण होतं. खाडीच्या चिंबोऱ्या, भरलेल्या, लाखेच्या, म्हणजे पोटात लाल गाभोळी असलेल्या. दीर नांग्या दातांनी फोडत होते आणि फोडता फोडता शुद्धतेवर बोलत होते. देवीला अशुद्ध चालत नाही, आपल्या घराण्याला ते शोभत नाही, बाजारातून चांगला पांढरा, लांब कानांचा बोकड आणू, लोकांनी बघत राहिलं पाहिजे असा. त्यांच्या हनुवटीवरून रस्सा ओघळत होता.

माझ्याने राहवेना. मी विचारलं, "भाऊजी, चिंबोरी खाडीत काय खाते हो?"

त्या खाडीत अख्ख्या शहराचं काय जातं ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांच्या टॉवरचं तर जातंच जातं. मेलेलं कुत्रं वाहत आलं की त्याला सगळ्यात आधी चिंबोऱ्या लागतात, हे त्यांनीच लहानपणी पाहिलेलं. शेवटी मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "ते वेगळं," आणि मला आणखी भात वाढला. ते वेगळं, हे आमच्या घराण्याचं खरं शास्त्र. दारू पिणं वेगळं, मिठागर बुजवणं वेगळं, खाडीत गटार सोडणं वेगळं. माझं पिंप तेवढं घाण.

बाजारचा बोकड आणायचं ठरलं. भावकीने माना डोलावल्या, कारण तोंडात चिंबोऱ्या होत्या. घरचाच लागतो ना, असं कोणी विचारलं नाही. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी समजूत घालायला गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मी बोललेले घरचा देन. आता देवीसमोर कंच्या तोंडानं जाऊ?" मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी बोकडाचं पथ्य मोडलं नाही. तसाच पाला, तशीच टरफलं चालू ठेवली. नवरा म्हणाला की आता कशाला, तो थोडाच द्यायचाय. मी म्हटलं की तू कपात बघ.

ठरल्या मंगळवारी दीर टेम्पोतून बोकड घेऊन आले. खरंच देखणा होता. शाम्पूने धुतलेला, गळ्यात घुंगरू, शिंगांना गोंडे. माणसं फोटो काढत होती. परसात गावदेवीच्या नावाने चौरंग मांडला, सासूबाईंची खाट जवळ ओढली, नया नगरहून कापणारा आला आणि मोबाइल बघत बाजूला उभा राहिला. त्याला दुपारी आणखी एका ठिकाणी जायचं होतं.

आमच्याकडे नुसता बोकड आणून भागत नाही. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पाणी शिंपडतात, हळदकुंकू लावतात आणि वाट बघतात. त्याने अंग झाडलं की देवीने घेतला. नाही झाडलं तर सुरी लावायची नाही. दीरांनी हात जोडून पाणी शिंपडलं. बोकड उभा. पुन्हा शिंपडलं. बोकडाने डोळे अर्धे मिटले. तांब्याभर ओतलं, तर त्याने मान खाली करून पाठ पुढे केली, इथेही चोळा म्हणून. मला हसू दाबता येईना. बाजारात विकायचे बोकड रोज नळीखाली धुतात, साबण लावतात, गिऱ्हाईक यायच्या आधी पुन्हा पाणी मारतात. त्याला पाण्याचं कसलं अप्रूप. पण हे मी कोणाला सांगितलं नाही. ज्यांना बोकड काय खातो तेवढंच बघायचं होतं, त्यांनी तो आंघोळ किती करतो तेही बघायला हवं होतं.

ऊन चढलं. कोणी कानात फुंकर मारायला सांगितलं, कोणी शेपटीवर पाणी सोडायला. जाऊबाईंनी गाडीतून बाटलीबंद थंड पाणी मागवलं, बहुधा आमच्या नळाचं देवीला चालत नसावं. बोकडाने तेही आनंदाने अंगावर घेतलं. मग लोक हळू बोलायला लागले. देवी नको म्हणते, असं कोणीतरी मागून म्हणालं, आणि मी दीरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ओठांवर घाम होता. त्यांच्याच जिवाचा नवस होता तो, आणि देवीने परत केलेला जीव देवी परत मागू शकते, हे त्या क्षणी त्यांना उमगलं होतं. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला बरं वाटलं.

सासूबाई खाटेवर उठून बसल्या. म्हणाल्या, "माझा आना."

दीर म्हणाले, "आई, त्याने काय खाल्लंय ते तुला माहीत नाही."

"हाय ठावं," सासूबाई म्हणाल्या. "देवीनं तुझा जीव दिला तवा तिनं इचारलं न्हाय, तू काय पिलास."

मग माझा नवरा उठला. कप खाली ठेवला, छपराखाली गेला आणि माझ्या बोकडाचा दोर सोडून त्याला चौरंगापुढे आणून उभा केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाने न सांगता केलेलं हे पहिलंच काम.

दीरांच्या बोटांवरचा एक थेंब पडला असेल नसेल. बोकडाने असं अंग झाडलं की हळदीचे शिंतोडे त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाले. सगळ्यांनी एकदम देवीचा जयजयकार केला. बायकांनी हात जोडले. सासूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या मला जवळ ये म्हणून हात हलवत होत्या. मी जिंकले होते. मिठाचा खडा, लोहचुंबक, पिंप, पथ्य, सगळं देवीसमोर उभं राहून खरं ठरलं होतं, आणि त्या सगळ्या शुद्ध माणसांच्या तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

मी पुढे झाले. मला बघून बोकडाने मान लांब केली आणि जीभ बाहेर काढली.

तोपर्यंत माझ्या डोक्यात खरंच आलं नव्हतं. दीरांचं ऐकलं असतं तर तो जगला असता. त्यांच्या ढोंगाने त्याला वाचवलं होतं आणि मी, मी पथ्य सांभाळून, रोज पाला निवडून, त्याला इथे उभा केला होता. माझ्या हातात काही नव्हतं. तरी मी हात पुढे केला. त्याने चाटून खात्री करून घेतली. मग कापणाऱ्याने मोबाइल खिशात ठेवला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.

दुपारी पंगत बसली. दीरांनी कलेजी दोनदा मागून घेतली. रस्सा ओरपून म्हणाले की घरचं ते घरचं, बाजारच्या मटणाला ही चव नाही. जाऊबाईंनी डबा भरून घेतला. पिंपाचं नाव कोणी काढलं नाही. ते वेगळं झालं असणार. मीही जेवले. घास तोंडात फिरत होता, पण गिळला. आजवर मटण खाऊन याच बोकडाला 'हा वेगळा' म्हटलं असतं, तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला असता. सासूबाईंनी एक तुकडा चघळला, देवी पावली म्हणाल्या आणि गाढ झोपल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती, आणि ती पाहून तरी माझं वाईट वाटणं थांबेल असं मला वाटलं होतं.

बाजारचा बोकड मागेच राहिला. देवीने नाकारलेलं जनावर दीर घरी नेईनात, आणि टॉवरमध्ये नेऊन बांधणार तरी कुठे. घुंगरू आणि गोंडे मात्र आठवणीने काढून नेले. दुसऱ्या दिवशी मी पिंप उघडलं, त्यातलं कोंड्यात मिसळून टोपलीत त्याच्यापुढे ठेवलं. त्याने नाक मुरडून तोंड फिरवलं. मोठ्या घरचा ना. नवरा म्हणाला, तळहातावर मीठ घेऊन दे, त्याला दिलंस तसं.

मी मिठाचा खडा टोपलीत टाकला आणि आत गेले. खायचं तर टोपलीतून खाईल. हात मी पुन्हा कोणाला चाटू देणार नाही.